प्रत मागवा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जिना जिथे वळतो तिथे एक अर्धा मजला आहे. वर वाचनालय, खाली जुन्या नियतकालिकांचं तळघर, आणि मध्ये माझी खोली. खोलीत दोन टेबलं, एक खिडकी आणि पावसापाण्यात कुरकुरणारं एक कपाट. दारावर 'मुक्त भांडार' अशी पाटी आहे. मला सगळे मागून 'भांडारवाली' म्हणतात, आणि मी भांडते म्हणून हे नाव पडलं असं नव्या लोकांना सांगतात. मी ते खोडून काढत नाही, कारण त्यातही थोडं तथ्य आहे.

इथल्या लोकांनी केलेलं संशोधन जगात कुणालाही फुकट वाचता यावं म्हणून ते नेटवर ठेवायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, त्यात काय, फाईल चढवली की झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. छापून आलेली देखणी प्रत प्रकाशकाच्या मालकीची असते, ती आम्हाला ठेवता येत नाही. ठेवता येते ती लेखकाची स्वतःची शेवटची प्रत, म्हणजे तपासणाऱ्यांनी सांगितलेल्या सुधारणा करून झाल्यावरची आणि प्रकाशकाने सजवण्याआधीची. ती शोधताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. शिवाय प्रकाशक म्हणतो, ठेवा, पण अमुक महिने कुलूप लावून. तेवढे दिवस पानावर लेखाचं नाव दिसतं, सारांश दिसतो, त्याखाली कुलपाचं चित्र आणि एक बटण, 'प्रत मागवा'. ते दाबायचं, आपण कोण आणि लेख कशाला हवा ते लिहायचं. विनंती लेखकाला मेलने जाते. लेखक 'हो' म्हणाला की प्रत मिळते. तो गप्प बसला तर विनंती माझ्या यादीत येऊन पडते. दर शुक्रवारी मी ती यादी साफ करते. आधी लेखकाला आठवण पाठवते, तरीही उत्तर नाही आलं तर नोंद काढून टाकते. लोंबकळत राहिलेली नोंद माझ्या डोळ्यांत खुपते.

गाळोबा माझ्याकडे आले ते निवृत्तीच्या वर्षी. तळ्यांत आणि धरणांत गाळ कसा साचतो, किती साचतो, यात त्यांची सारी हयात गेली. विद्यार्थ्यांनी 'गाळोबा' नाव ठेवलं, आणि त्यांनी ते असं आनंदानं मिरवलं की चिडवणाऱ्यांची मजाच गेली. आपलं सगळं काम जाण्याआधी भांडारात ठेवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांच्या फायलींची नावं बघून मी कपाळावर हात मारला. 'शेवटची', 'अगदी शेवटची', 'शेवटचीनंतरची', आणि एक 'हीच ती'. 'हीच ती' उघडली तर त्यात अर्धंच प्रकरण होतं.

"छापील प्रतच टाका ना, छान दिसते," ते म्हणायचे.

"सर, ती तुमची नाही."

"अहो, लिहिली मी!"

"लिहिली तुम्ही, सजवली त्यांनी."

"म्हणजे पोर माझं, कपडे त्यांचे."

"मग पोराला उघडंच घेऊन या," मी म्हटलं. ते इतके हसले की धाप लागली, आणि बाहेरच्या बाकावरून काकू उठून दारात आल्या.

काकू म्हणजे त्यांची पत्नी. सरांचं हृदय दुबळं झालं होतं, जिना एकट्यानं चढायची मनाई होती, म्हणून काकू सोबत यायच्या आणि बाकावर बसून राहायच्या. त्यांची नोकरी दवाखान्यात झाली होती, नाव नोंदवायच्या खिडकीवर. आयुष्यभर माणसांना 'पुढचे या' म्हटलेल्या बाईला बाकावर नुसतं बसणं जड जात असणार, पण त्या कधी आत आल्या नाहीत. जुना एखादा लेख सापडला की सर आतून ओरडायचे, "अगं, ऐकतेस का? आपला तलावाचा लेख सापडला!" बाहेरून उत्तर यायचं, "सापडला ना? मग गोळी घ्या. वेळ झाली."

त्यांचा शेवटचा लेख सगळ्यात मोलाचा होता. छोट्या गावांना महागडी यंत्रं परवडत नाहीत, तर नुसती लांब काठी, दोरी आणि एक होडी घेऊन तळ्यातला गाळ कसा मोजायचा, हे त्यात सोपं करून सांगितलं होतं. प्रकाशकानं त्याला दोन वर्षांचं कुलूप घातलं. संपर्कासाठी मेल विचारली तेव्हा सर म्हणाले, ऑफिसची मेल निवृत्तीनंतर बंद होईल, घरची द्या.

"घरची कुणी बघतं ना?" मी दरडावून विचारलं.

"ही बघते. मला तर पासवर्डही आठवत नाही. आणि मला कोण विचारतंय आता!"

काही महिन्यांनी सर गेले. मी शोकसभेला होते. लेखक वारला की विभागानं आम्हाला कळवायचं आणि आम्ही संपर्काचा पत्ता बदलायचा, असा नियम आहे. विभागाला वाटलं भांडारवालीला माहीत आहे. मला वाटलं विभाग कळवेल. शिवाय मी बघते ती अडकलेल्या विनंत्यांची यादी, आणि तिथे सरांचं नाव कधी आलंच नाही. धडधाकट प्राध्यापक महिनोन्‌महिने उत्तर देत नाहीत. हे गेलेले गृहस्थ त्याच दिवशी देत होते. माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

कुलूप निघायला महिनाभर उरला असताना काकू आल्या. एकट्या. बाकावर बसल्या नाहीत, सरळ आत आल्या आणि सरांच्या खुर्चीत बसल्या.

"मला मेल आलीय," त्या म्हणाल्या. "ह्यांचा लेख आता आपोआप उघडणार म्हणून. ते थांबवता येतं का?"

"थांबवता म्हणजे?"

"कुलूप अजून ठेवता येतं का? दोन वर्षं. नाहीतर एक."

माझा पाराच चढला. येतं, घरच्यांनी लेखी मागितलं तर एका खुणेनं मुदत वाढते आणि कुणी जाब विचारत नाही. पण मी ते सांगितलं नाही. मी खडे बोल सुनावले. म्हटलं, काकू, लोक उघडावं म्हणून माझ्याशी भांडतात, बंद ठेवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. सरांनी किती खस्ता खाल्ल्या ते तुम्ही बाहेर बसून पाहिलंत. त्यांनीच हे मागितलं होतं, आणि तुम्ही त्यावर पाणी ओतायला निघालात?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खिडकीवरच्या नोकरीत ओरडणारी माणसं खूप पाहिली असावीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बोलून झालं? आता माझं ऐक."

मग त्यांनी सांगितलं. सर गेल्यावर पंधरवड्यानं पहिली मेल आली. कुणी विद्यार्थी होता, कुठल्याशा देशातला. 'आदरणीय सर' अशी सुरुवात. त्याला वाटत होतं की सर आहेत, बसलेत, आत्ता उघडून बघतील. खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं. काकूंनी 'हो' दाबलं आणि सरांनीच आधी लिहून ठेवलेला मजकूर पाठवला, 'प्रत पाठवत आहे. शंका असल्यास कळवा.' खाली सरांचं नाव. मग दुसरी आली, तिसरी आली. काकू सकाळी उठल्या की आधी मेल बघायच्या. विनंती आली असली की दिवस बरा जायचा.

"ह्यांच्याबद्दल मला कुणी विचारत नाही गं आता," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला विचारायचे. आता सोसायटीतले माझ्यासमोर ह्यांचं नाव काढत नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. मुलगासुद्धा फोनवर विषय बदलतो. त्या मेलमध्ये मात्र कुणी ना कुणी विचारतं, सर आहेत का. आणि मी म्हणते, आहेत."

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"एकानं शंका विचारली. पाणीपुरवठ्यात काम करणारा कुणी. मला काय कळणार त्यातलं? मी ती ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे पाठवली. त्यांनी उत्तर दिलं, आणि त्यातच लिहिलं की सर आता नाहीत. त्या बिचाऱ्यानं मला लांबलचक मेल लिहिली. फार वाईट वाटलं म्हणून." त्यांनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. "त्या दिवशी हे पुन्हा गेले."

नियम, तत्त्व, जगाला फुकट ज्ञान, सगळं त्या क्षणी मला हातभर लांब वाटलं. मनात म्हटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांची कुलपं काढतेस, एक ठेवलंस तर काय आभाळ कोसळणार आहे? मी लेखाचं पान उघडलं, आतल्या बाजूनं, जिथून मुदत वाढवायची खूण करता येते. "किती करू?" मी विचारलं. "वर्ष?"

काकू पडद्यावर दुसरीकडेच बघत होत्या. "हे काय गं?"

पानाच्या कडेला आकड्यांचे खांब असतात. मी रोज बघते, म्हणून मला ते दिसतही नाहीत. एक खांब उंच, त्याच्या शेजारी एक अगदी बुटका.

"हा बुटका म्हणजे तुमच्याकडे आलेल्या विनंत्या."

"आणि हा उंच?"

मला खोटं सांगता आलं असतं. "हे लेखाच्या पानावर आलेले. कुलूप दिसलं, आणि परत गेले."

"मागितलाच नाही?"

"काहींनी बटण दाबलं, नाव लिहायला सुरुवातही केली, मग सोडून दिलं. एवढ्या मोठ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं वाटतं कुणाला. कुणाला घाई असते. कुणाला वाटतं, आपल्याला कोण उत्तर देणार."

काकूंनी खुर्ची पुढे ओढून तो उंच खांब जवळून पाहिला. मग म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत आम्ही खिडकीवर पाटी ठेवायचो. 'थोड्या वेळाने या.' परत आले की काही जण तिथेच उभे असायचे, वैतागलेले. त्यांचं मला काही वाटायचं नाही. त्यांना आत घेतलं की झालं. पण काही जण पाटी बघूनच घरी जायचे. म्हातारीकोतारी, लांबून आलेली. त्यांचं पुढे काय झालं, कधी कळायचं नाही. रात्री जेवताना मी ह्यांना सांगायचे, आज इतके परत गेले असतील. हे म्हणायचे, तू तरी काय करणार." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "इथे पाटी मीच धरून बसलेय की."

"तसं नाही हो काकू. दोन वर्षांची मुदत प्रकाशकाची होती."

"आधीची त्यांची. पुढची माझी झाली असती." त्या उठल्या. "नको वाढवूस. उघडू दे वेळेवर."

मी खूण केली नाही. त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले तर म्हणाल्या, "माझं हृदय ठणठणीत आहे, तू काम कर." मी खोलीत येऊन दार लावलं आणि थोडं रडून घेतलं. मग विभागाला फोन करून, कळवलं का नाही म्हणून, चांगलं फैलावर घेतलं. निम्मी चूक माझी होती, पण फोन मी केला होता.

कुलूप शनिवारी निघणार होतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी नेहमीप्रमाणे अडकलेल्या विनंत्यांची यादी उघडली. त्यात गाळोबांचा लेख. पहिल्यांदाच. विनंती तीन दिवसांपूर्वीची, उत्तर नाही. मागणाऱ्याच्या रकान्यात काकूंचं पूर्ण नाव होतं. संस्थेच्या रकान्यात 'घर'. आणि लेख कशासाठी हवा, तिथे दोनच शब्द, 'वाचायचा राहिला'.

मी फोन लावला. "काकू, ती विनंती तुमच्याच मेलवर आली असेल. 'हो' दाबा ना."

"बघितली मी."

"मग?"

"इतके दिवस लोकांना मी 'हो' म्हटलं ते ठीक. ते ह्यांना ओळखत नव्हते. माझं मागणं मात्र मी ह्यांच्याकडे केलंय. त्याला मीच कशी 'हो' म्हणू?"

मी म्हटलं, "उद्या तसंही उघडतंय."

"हो. उद्या सगळ्यांसारखाच घेईन."

सोमवारी त्या आल्या आणि माझ्या पडद्यासमोर बसल्या. कुलपाचं चित्र गेलं होतं. चष्मा पुसून त्या वाचायला लागल्या आणि पहिल्याच पानावर अडल्या. "हे काय असतं गं?" मी बघितलं. मलाही ठाऊक नव्हतं. दोघी हसलो, आणि त्या पुढे वाचत राहिल्या, ओळीखाली बोट धरून, दुपारभर.

आता त्या लेखाची विनंती कुणाला करावी लागत नाही. पानावर येणाऱ्यांचा उंच खांब कधीच पडद्याच्या वर गेलाय. काकूंची ती नोंद मात्र माझ्या यादीत अजून आहे. दर शुक्रवारी मी बाकीची यादी साफ करते आणि शेवटी त्या ओळीवर येते. 'लेखकाकडून उत्तर नाही. नोंद काढून टाकायची?' असं पडद्यावर येतं. मी 'नको' दाबते आणि संगणक बंद करते.