स्वयंपाकघराची मालकीण

पेशंटसाठी ठेवलेली खुर्ची लॉन्ड्रीच्या मुकादमाने पुढे ओढली आणि तो स्वतःच तिच्यावर बसला. भाजला होता तो त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईचा हात. ओल्या टॉवेलात गुंडाळलेला उजवा हात छातीशी धरून ती उभीच राहिली. तिच्या मागे तिची सासू उभी होती, निरोप मिळताच धापा टाकत आलेली.

"काय झालं?" टॉवेल सोडवत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घरी भाजलं," मुकादम म्हणाला. "सकाळी स्वयंपाक करताना तव्यावर हात टेकला. तशीच कामावर आली बिचारी."

लॉन्ड्रीतली रीतच होती ती. हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या मशीनच्या गरम रुळांमध्ये सरकवताना कुणी भाजलं की मुकादम स्वतः दवाखान्यात घेऊन येई, वाटेत चहा पाजी आणि आत बोलायचं कामही आपल्याकडेच ठेवी. रुळांपुढे एक आडवा दांडा होता. त्याला हात लागला की मशीन बंद पडायचं. त्याने काम खोळंबतं म्हणून तो फाटक्या चादरीच्या पट्टीने वर बांधून ठेवलेला असे. ती गाठ सगळ्यांना ठाऊक होती. दवाखान्यात मात्र झाडून सगळ्या बायका घरीच भाजलेल्या असत.

सुनेलाही वाटेत समजावून झालं होतं. कामावर भाजलं म्हणालीस तर चौकशी होईल, आणि पहिलं नाव तुझंच कमी होईल. तिने मान हलवली होती. पण बोटं वाकत नव्हती, आणि नुसत्या मलमाने ती वाकणार नाहीत हे तिला कळत होतं. मोठ्या इस्पितळातले उपचार आणि भरपगारी रजा हवी, तर 'कामावर भाजलं' एवढं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं होतं.

"तुम्ही सांगा," डॉक्टरीणबाई तिच्याकडे पाहत म्हणाल्या. "घरीच भाजलं?"

तिने मान खाली घातली. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"कुणाच्या घरी?" मागून सासू म्हणाली.

मुकादम वळला. "मावशी, तुम्ही बाहेर बसा ना जरा."

"बसते की. आधी मला कळू दे, माझ्या स्वयंपाकघरात हिच्या हाती तवा दिला कुणी?" सासूने हातातली पिशवी टेबलावर ठेवली. "डॉक्टरीणबाई, माझ्या गॅसला हात लावायची कुणाची टाप नाही. दोन्ही वेळचं मी रांधते आणि हिला ताट वाढते. पाणी तापवायचं तरी मला विचारावं लागतं. आणि हा बाबा सांगतोय, तव्यावर भाजलं."

सून आ वासून सासूकडे बघत राहिली.

"अहो, एखाद दिवस असं होतं..." मुकादम म्हणाला.

"नाही होत. हिच्या हाताला चवच नाही."

हे शेवटचं वाक्य तेवढं सुनेच्या ओळखीचं होतं. दोन्ही वेळा जेवताना ती ते ऐकत आली होती.

डॉक्टरीणबाईंनी एकदा भाजलेल्या हाताकडे पाहिलं, एकदा मुकादमाकडे. "तुम्ही बाहेर थांबा," त्या त्याला म्हणाल्या.

तो गेला. सासूने रिकाम्या खुर्चीवर सुनेला खांदा दाबून बसवलं.

"बोल आता. तोंड नाही भाजलेलं तुझं."

पहिलं वाक्य अडखळतच बाहेर पडलं. मग रूळ आले, दांडा आला, पट्टी आली, आधी भाजलेल्या बायकाही आल्या. आपला आवाज इतका मोठा आहे हे तिलाच नव्याने कळलं. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि शिक्का मारला. एक प्रत तिच्या हाती दिली, दुसरी कामगार खात्याला पाठवते म्हणाल्या, आणि इस्पितळाची चिठ्ठीही लिहिली.

बाहेर मुकादम फोनवर दबक्या आवाजात कुणाला तरी सांगत होता, ती पट्टी सोडा आधी. दोघींना पाहून तो उठला.

"मावशी, उद्या हिच्या नोकरीचं काही झालं तर मला बोल लावू नका."

"कामावर भाजली म्हणून कामावरून काढली, असं लिहून दे," सासू म्हणाली. "तेही जोडू याला."

त्याने दार उघडून धरलं. हात ठणकत होता, तरी सुनेला हसू आवरेना. रस्त्यावरून ती अशी चालली होती की जणू लॉन्ड्रीच तिच्या मालकीची होती.

घरी आल्यावर सासूने तिला कॉटवर बसवलं, हाताखाली उशी सरकवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. डबे वाजले. एक झाकण पडून गोल गोल फिरत राहिलं. कपाटं उघडली, मिटली.

"अगं ए," शेवटी आतून आवाज आला, "लायटर कुठे ठेवतेस तू?"