वयाची गोळी

"दीपिका, उंबरा चढला तरी दम लागायलाय गं मला," सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या ते संक्रांतीच्या आसपास. मी त्या वेळी दहा महिन्यांच्या लेकीच्या तोंडात मोबाईलची बॅटरी मारून तिसरा दात दिसतोय का ते बघत होते. मान न वळवताच म्हणाले, "वय झालं, आत्या."

मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. लेकीची एक वही आहे माझ्याकडे. वजन, झोप, दात, शीचा रंग, सगळं तारीखवार. एकदा तिनं भिंतीची माती चाटली तर मी आहे त्या साडीवर चारठाण्याहून एसटी पकडून जिंतूरला बालरोगतज्ज्ञाकडे गेले. आत्याही चुलीच्या कडेची माती मोडून चघळायच्या. ते मी जुन्या बायकांच्या सवयीत धरलं होतं.

माझे यजमान रामकिशन जिंतूरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. विज्ञान दिनाला त्यांचं भाषण होतं, 'म्हातारपण: आधीच ठरलेलं की नुसती झीज?' त्याची तालीम रोज संध्याकाळी आमच्या अंगणात चालायची. श्रोता एकच, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारे शेजारचे दत्तराव.

"सर, त्यात काय भाषण करायचं? मोटार झिजती. बेरिंग जातं, वायंडिंग जळतं. कंपनी काय तारीख ठरवून जाळती व्हय?"

"उंदीर तीन वर्षांत म्हातारा होतो, कासव शंभरीत चालतं. झिजतात तर दोघंबी. मग घड्याळ आतच बसवलेलं असणार का न्हाई?"

"कासव पाणी शेंदतंय का? धुणं धुतंय का? त्याला काय झालंय म्हातारं व्हायला!"

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आल्या, कप ठेवले आणि छातीला हात लावून पायरीवरच बसल्या.

"बघा," यजमान म्हणाले, "आईला बासष्टावं लागलं, अन् वेळापत्रकाप्रमाणं दम सुरू."

"बघा," दत्तराव म्हणाले, "चाळीस वर्षं डोक्यावर घागर. झीज!"

मला दोघांचंही पटलं. मी आत जाऊन आत्यांना गुडघ्याची गोळी आणून दिली. दिवाळीपासून गुडघे दुखत होते. मेडिकलवाल्यानं "वय किती?" एवढंच विचारलं होतं आणि पुडी बांधून दिली होती. सकाळी चहाबरोबर एक, संध्याकाळी एक. पुडी संपली की मीच दुसरी आणायचे. घरात त्या गोळीला आम्ही वयाची गोळीच म्हणायचो.

भाषणाच्या आदल्या रविवारी आमची तांबडी शेळी खाईना. पार वाळली होती.

"तिचं वय झालं, दादा. विकून टाका," यजमान वडिलांना म्हणाले.

मल्हारीमामा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर शेळ्या-मेंढ्यांमागे फिरलेले. ते शेळीजवळ उकिडवे बसले. जबडा उघडून बघितला. "दात समदे जाग्यावर हायत. कशाचं वय?" मग अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. आतून पांढरीफटक. "रगत न्हाई हिच्यात. पोटात जंत झालेत. मास्तर, म्हातारं म्हणायच्या आधी डोळा बघावा."

शेळीचं दावं आत्यांनी धरलं होतं. धरलं म्हणजे, त्या दाव्याला धरून बसल्या होत्या. मला काय वाटलं कोण जाणे, मी लेकीला खाली ठेवलं आणि आत्यांची पापणी ओढली.

"अगं, मी काय शेळी हाय का?"

पापणी आतून कापसाच्या बोंडासारखी होती. मामा वाकून बघायला लागले आणि बघतच राहिले. चाळीस वर्षांत किती पापण्या त्यांनी उलटल्या असतील, ही एक सोडून.

परभणीला नेलं. हिमोग्लोबिन साडेचार. डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी हातात घेऊन विचारलं, "ह्या उपाशीपोटी? चार महिने? पोटात जखम होऊन रक्त जातंय आतल्या आत. शी काळी होत होती का?"

मी आत्यांकडे बघितलं.

"व्हायली होती. ते काय सांगायचं असतंय का कुणाला?"

लेकीच्या वहीत शीच्या रंगाचा वेगळा रकाना आहे. पिवळी, हिरवी, तपकिरी.

रक्ताच्या तीन पिशव्या चढल्या. तिसरी चालू असताना दत्तराव भेटायला आले आणि खाटेशी उभं राहून म्हणाले, "सर, बघितलं? झीजच निघाली!"

"झीज कशाची? औषधाचा दुष्परिणाम हाय. हे उदाहरण धरायचंच न्हाई," यजमान म्हणाले.

आत्यांनी डोळे उघडले. "आता च्या कोण आणायलंय तुमाला?"

खाटेच्या पायथ्याशी बसलेले मामा उठले आणि पहिल्यांदाच चार कप घेऊन आले. एक आत्यांच्या उशाशी ठेवायला निघाले तर "पोटात जखम असताना चहा?" म्हणून नर्स त्यांच्यावर ओरडली.

म्हातारपण ठरलेलं असतं की झिजून येतं, ते मला अजून सांगता येणार नाही. आमच्या घरी ते मेडिकलमधून कागदाच्या पुडीत आलं, आणि आणणारी मी होते. आत्या आता बऱ्या आहेत. उंबरा चढतात, अंगात रक्त आल्यापासून चुलीच्या मातीला हात लावत नाहीत. वहीत त्यांची पानं मी उलट्या बाजूनं सुरू केलीत.

तुमच्या घरात "वय झालं" ऐकून गप्प बसणारं कुणीतरी असेलच. हे वाचून झालं की उठा, उजेडात न्या आणि त्यांची खालची पापणी ओढून बघा. "मी काय शेळी हाय का" म्हणतील. म्हणू द्या. अन् गोळ्या कोणत्या चालू आहेत, तेही विचारा.