अमानीला मामा नाही

शेलूबाजारात पुस्तक विकत घेणारी माणसं वेगळी आणि पुस्तक वाचणारी वेगळी. दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. ज्योत्स्नाबाईंना हे पहिल्या कवितासंग्रहापासूनच कळून चुकलं होतं. त्याच्या उरलेल्या प्रती दिवाणाच्या पोटात होत्या आणि वर पाहुणे झोपत. पण या खेपेची कादंबरी त्यांनी विकायला लिहिलीच नव्हती. ती एका माणसानं वाचावी, एवढ्याचसाठी लिहिली होती. ते माणूस म्हणजे त्यांची सासू, चतुराबाई.

झालं होतं असं. मुलगा पवन पुण्याला नोकरीला. तिथं त्याचं मन एका मुलीवर बसलं. मुलगी हुशार, त्याच्याच कंपनीत, नाव मुथोनी, गाव नैरोबीच्या अलीकडे, देश केनिया. पवननं हे फोनवर सांगितलं तेव्हा ज्योत्स्नाबाई वांगी चिरत होत्या. त्या दिवशीच्या भाजीत वांग्यांची देठंही गेली आणि ती कुणी बोलून दाखवली नाहीत.

"बाबांना सांगू का मी?" पवननं विचारलं.

"बाबांना सांगून काय होणार?"

खरंच काही झालं नसतं. जगदेवरावांचं जगातल्या प्रत्येक गोष्टीवर एकच ठाम मत होतं: "मायले इचार." घरातला होकार आणि नकार दोन्ही एकाच खोलीतून निघत, आणि त्या खोलीत चतुराबाईंची बाज होती. तिथून एकदा 'नाही' बाहेर पडलं की ते परत आत गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

आपल्याकडे मोठी गोष्ट कुणी सरळ सांगत नाही. आधी दुसऱ्याच्या नावानं खडा टाकून पाहतात. 'वाशीमला म्हणे एकाच्या पोरानं असं केलं' असं म्हणायचं आणि समोरच्याच्या भुवया बघायच्या. ज्योत्स्नाबाई पडल्या लेखिका. त्यांनी खडा टाकायला घेतला तो दोनशे पानांचा निघाला. 'नैरोबीची सोयरीक'. रिठदचा शेतकऱ्याचा पोरगा मुकिंदा आणि केनियाची अमानी. वाचणाऱ्याच्या पोटात कालवावं म्हणून त्यांनी अमानीला आईबाप, काका, मामा, कुणीच ठेवलं नाही. सगळं गणगोत पहिल्या चार पानांत वारलं.

"आई, लोक एक वाक्य बोलतात, तू वर्षभर कादंबरी लिहिलीस," पवन वैतागून म्हणाला. "आता शेतातली हळद निघाली की मी मुथोनीला घेऊन येतो. तोवर आजीचं काय म्हणणं आहे ते मला कळव."

पुस्तक छापून आलं. ज्योत्स्नाबाईंनी पहिली प्रत सासूच्या उशाशी ठेवली आणि तुळशीला दिवा लावला.

घोळ इथंच झाला. चतुराबाईंना वाचता यायचं, चांगलं यायचं. पण कोणतंही मोठं काम एकटीनं करायचं असतं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. उभा जन्म निंदणात गेलेला. बाया वावरात उतरल्या की प्रत्येकीनं आपापली पात धरायची, आपल्या ओळीतलं तण काढत तिकडच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत जायचं. दुसरीच्या पातीत हात घालायचा नाही. दुपारी त्या पुस्तक घेऊन भजनाच्या बायांत गेल्या, विळ्यानं त्याची शिवण उसवली आणि गठ्ठे पाडले.

"घ्या वं, जिची तिची पात. दोनशे पानं एकटीनं कोन निंदन?"

पहिला गठ्ठा ललिताबाईला गेला. मधला रुखमाबाईला. शेवटचा, लग्नाचा, चतुराबाईंनी वयाचा मान म्हणून स्वतः ठेवला. एका दुपारात पुस्तक वाचून झालं आणि पुस्तक कुणीच वाचलं नाही. अमानी कुठली, कशी दिसते, हे सगळं फक्त पहिल्या गठ्ठ्यात होतं.

संध्याकाळी ज्योत्स्नाबाई चहा घेऊन बाजेपाशी गेल्या.

"कशी वाटली, आत्याबाई?"

"काय कशी? पोरीच्या मांगं मामा कुठी हाये?"

"अं?"

"अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाले, अक्षता पडल्या. अन् नवरीच्या मांगं मामाच उभा नाई! असं लगन असते काय? शाळेत मास्तरीन हायेस ना तू?"

"तिला कुणी नाहीये हो. अनाथ आहे बिचारी."

"मंग धर्माचा मामा कराव! गावात मानसं मेले होते काय?"

ज्योत्स्नाबाई जरा जवळ सरकल्या. "ते जाऊ द्या. पोरगी कशी वाटली?"

"पोरगी चांगलीच हाये. पोरीचा काय दोष? दोष लिवनारीचा."

"आणि... तिचा रंग?"

"रंगाले काय झालं? हिरवा शालू तुनंच लिवला ना? हिरवाच पायजे नवरीले."

ज्योत्स्नाबाई कप उचलून परत आल्या. होकार मिळाला होता. पण तो कोणाला, हे देणारीलाच ठाऊक नव्हतं. असा होकार म्हणजे पत्ता न लिहिलेलं पाकीट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक आख्खी प्रत सासूपुढे धरली. "आत्याबाई, सुरुवात वाचा ना. सुरुवातच छान आहे."

"माही पात झाली," चतुराबाई म्हणाल्या आणि कूस बदलली.

मग ज्योत्स्नाबाई ललिताबाईकडे गेल्या. पहिल्या गठ्ठ्यातलं तिनं निदान सासूला तोंडी तरी सांगावं, एवढीच आस. पण तो गठ्ठा ललिताबाईच्या नवऱ्याच्या, दौलतरावांच्या, हातात होता. दौलतराव म्हणजे जमीन भरपूर, मतं त्याहून भरपूर. शाळा सुटल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच छापील काही शेवटापर्यंत वाचलं होतं आणि त्याचा राग त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"वहिनी, तुमचा मुकिंदा बिनडोक हाये. सोयाबीन खळ्यावरून सरळ बाजारात नेते? भावासाठी थोडं थांबता येत नाई त्याले? अशा घरी कोन पोरगी देईन?"

"भाऊजी, पण ती मुलगी केनियाची आहे. काळी आहे. त्याबद्दल तुम्हाला काही..."

"त्याचं काय? आपन जमीन काळी असली का भारी म्हनतो, अन् सून काळी असली का हलकी? असं कोन्या शास्त्रात हाये?"

ज्योत्स्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस थोर निघाला. तेवढ्यात आतून ललिताबाई म्हणाली, "मंग आपल्या मुन्नासाठी गोरीच पायजे म्हनून चार पोरी काहून वापस केल्या?"

"मी कादंबरीबद्दल बोलून राह्यलो!" दौलतराव आत बघून ओरडले आणि इकडे वळून गंभीर झाले. "वहिनी, ते मामाचं कानावर आलं. पोरगी परदेशी, पोरकी. मी उभा राहतो मामा म्हनून. लिवून टाका माह्यं नाव."

"अहो, कादंबरी छापून झालीय."

"मंग दुसरी छापा."

ही बातमी हायवेवरच्या चहाच्या टपरीवर पोहोचायला वेळ लागला नाही, आणि तिथं राजपाल बसलेला होता. राजपालची जीप अमरावती-वाशीम रस्त्यावर चालायची. रुखमाबाईच्या गठ्ठ्यात अमानी शेलूबाजारला जीपमधून उतरते असं एक पान होतं. रुखमाबाईनं ते त्याला वाचून दाखवलेलं. तेव्हापासून ती जीप आपलीच, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती.

"पोरगी उतरली माह्या जीपीतून, अन् मामा दौलतराव?" तो टपरीवर गरजला. "कोन्या हक्कानं? त्यायनं तिले कधी पाह्यलं तरी काय?"

"तू पाह्यलं?" टपरीवाल्यानं विचारलं.

"फुकट आनलं मी तिले!"

पंधरवड्यात गाव दोन मामांत वाटलं गेलं. भाजी घेताना, शाळेत जाताना, दळणाच्या रांगेत, ज्योत्स्नाबाईंना एकच प्रश्न: "मॅडम, मामाचं काय ठरलं?" जी कादंबरी वाचून लोक संतापतील, दगड मारतील, निदान वाळीत तरी टाकतील, अशी लेखिकेला भीती होती, आणि मनातून थोडी आशाही होती, तिच्यावर गाव असं मानपानाला येऊन बसलं.

"आजी काय म्हणते?" पवनचा फोन.

"आजीला मामा पाहिजे."

"म्हणजे हो की नाही?"

"तेच तर कळत नाहीये रे. तू जरा थांब."

"आम्ही बसलो गाडीत, आई."

अंगणात हळद उकळत होती. चतुराबाई भट्टीपासून हाताच्या अंतरावर बाजेवर बसून जगदेवरावांना जाळ कमी कर, जाळ वाढव असं दोन्ही एकदम सांगत होत्या. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. राजपाल आधी उतरला. दोन बॅगा त्याच्या खांद्यावर, तोंड उघडं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं जे ठोकून दिलं होतं ते खरं झालं होतं आणि त्याला ते झेपत नव्हतं. मागून पवन, आणि पवनच्या मागून उंच, ताठ, डोक्यावर ओढणी नीट घेतलेली मुथोनी. तिनं पुढं येऊन वाकून नमस्कार केला.

जाळ आपोआप कमी झाला, कारण जगदेवराव लाकूड हातात धरून उभेच राहिले. जीपमागं लोक जमले. त्यांत दौलतराव सगळ्यांच्या पुढं.

ज्योत्स्नाबाई दारातून पुढं आल्या.

चतुराबाईंनी मुथोनीकडे खालून वर आणि वरून खाली पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. मग पवनकडे. मनातल्या मनात गठ्ठे जुळत होते, ते दिसत होतं.

"काळी हाये," त्या म्हणाल्या.

"हो आजी," मुथोनी पुण्याच्या मराठीत म्हणाली.

"मीबी हाये."

"दिसतंय आजी."

राजपालच्या हातून एक बॅग पडली. चतुराबाईंच्या ओठाची एक बाजू हलली, पण हसू म्हणावं इतकी नाही. त्यांनी बाजेवर हात थोपटून मुलीला शेजारी बसवलं. खरा प्रश्न अजून बाकी होता आणि तो सगळ्या अंगणाला ठाऊक होता.

"बाई, तुले मामा हाये काय?"

दौलतरावांनी टोपी नीट केली. राजपालनं छाती पुढं काढली.

"आहेत ना," मुथोनी म्हणाली. "सात."

दोन्ही मामा जागच्या जागी खचले. चतुराबाईंनी गालाला हात लावला. "सात! सात मामाची भाची!" आणि मग त्या सुनेकडे वळल्या, आणि ज्या आवाजाला ज्योत्स्नाबाई वर्षभर भीत होत्या तोच आवाज अखेर निघाला. "अन् तू हिले पोरकी लिवली? जित्या मानसायले मारलं तुनं? लाज नाई वाटली? लगनात ते सातही येतीन, तवा काय तोंड दाखवशील?"

लगनात. ज्योत्स्नाबाईंना एवढा एकच शब्द ऐकू आला. बाकीच्या शिव्या त्यांनी आनंदानं घेतल्या.

"पन काकू," दौलतराव खाकरले, "इतक्या दुरून सात जन येतीन म्हनता... एखांदा आला नाई तर? एक मामा इथला असलेला बरा."

"दोन," राजपाल म्हणाला.

"सातांच्या मांगं उभे राहा," चतुराबाईंनी निकाल दिला. "उंच हाये पोरगी, दिसन तुमाले मांगून."

ज्योत्स्नाबाई डोळे पुसत चहा ठेवायला आत निघाल्या. दारात जगदेवराव आडवे आले; हातात अजून ते लाकूड होतंच.

"अवं, हे तं तुह्या कादंबरीतलंच झालं."

"तुम्ही वाचली?" त्या थबकल्याच.

"नाई. माह्या वाट्याले पातच नाई आली," जगदेवराव म्हणाले, आणि मागं वळून आईला विचारलं, "जाळ वाढवू काय आता?"