फळ्यावरचे नंबर

"तार काढ आधी! तार काढ, मग काय ते बोल!"

सोमवारी सकाळी सकाळी कात्रीकाकूचा आवाज अख्ख्या शिवारात घुमला. गावात तिला कात्रीकाकू म्हणायचे ते तिच्या तोंडामुळे, आणि तीही त्या नावाला बिनदिक्कत ओ द्यायची. तिच्या शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर रातोरात काटेरी तार आडवी ओढलेली होती. तारेच्या अलीकडे बैलगाडी, गाडीपुढे कात्रीकाकू, आणि पलीकडे काडीनं दात कोरत उभा भट्टीवाला. मागच्या वर्षी यानं शेजारचा तुकडा विकत घेतला, विटांची भट्टी टाकली, आणि आता कच्च्या विटा वाळवायला जागा पुरेना म्हणून महाशयांचा डोळा वाटेवर गेला.

"काकू, ओरडून काय होणार? माझ्या कागदात वाट नाही. नकाशात वाट नाही. मी तरी काय करू?"

"वाट कागदावरून जाते का रे? माझ्या सासूच्या सासूनं या वाटेनं शेणखत नेलंय!"

"मग बोलवा त्यांना साक्षीला," भट्टीवाला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. "गुरुवारी मोजणीदार येतोय. जुना कागद असेल तर त्याला दाखवा. नसेल तर वाट बंद, विषय बंद."

शेतात टोमॅटो लालबुंद झाले होते. दोन तोडे झाले होते, तिसरा आज करायचा होता आणि तोच सगळ्यात मोठा. गाडी आत जाणार नसेल तर क्रेट डोक्यावर घेऊन बांधाबांधानं ओढ्याला वळसा घालून यायचं. त्यात अर्धा माल चेचणार आणि उरलेला उन्हानं सडणार. शिवाय हा काही एका तोड्याचा प्रश्न नव्हता. वाट गेली की शेत असून नसल्यासारखं, हे काकूला पक्कं ठाऊक होतं. तिचा नवरा, ज्याला सगळे मालक म्हणत आणि जो घरात कशाचाच मालक नव्हता, बैलांच्या मानेवर हात फिरवत हळूच म्हणाला, "जाऊ दे गं. त्याच्या नादी लागू नकोस."

"जाऊ देऊ? कुठून जाऊ देऊ? वाट कुठे ठेवलीय त्यानं? तुम्ही तोडणीला लागा. मी कचेरीत जाऊन येते."

गावच्या कचेरीत कारकून नखं कापत बसला होता. काकूनं सगळी हकिगत सांगितली. त्यानं एका हाताची पाच नखं पुरी होईपर्यंत ऐकून घेतलं.

"जुना नकाशा इथं नसतो. ते जमिनीचं दप्तर. त्यांची कचेरी वेगळी."

"कुठे आहे?"

"मोठ्या गावात होती. मग हलवली म्हणतात."

"कुठे हलवली?"

"ते फोन करून विचारायचं. नंबर बाहेर फळ्यावर आहे की! सरकारनं एवढा खर्च करून लोकांसाठीच लिहिलाय. पण लोक वाचत नाहीत."

काकू बाहेर आली. कचेरीच्या भिंतीवर हिरव्या रंगाचा मोठा चौकोन होता आणि त्यात पांढऱ्या अक्षरात पाच ओळी. पाणी, वीज, जनावरांचा दवाखाना, जमिनीचं दप्तर, तक्रार निवारण. प्रत्येकापुढे साहेबाचं नाव आणि नंबर. लांबून बघितलं तर वाटावं, काय तत्पर कारभार आहे! काकूनं पदराला हात पुसले, कमरेचा फोन काढला आणि सुरुवात तक्रारीपासूनच केली.

घंटी वाजली. दोन ठिकाणी वाजली. एकदा कानात आणि एकदा कचेरीच्या आत. काकू फोन कानाला लावूनच आत गेली. कारकुनाच्या टेबलाचा खालचा खण थरथरत होता.

"हे काय वाजतंय?"

"तक्रारीचा फोन आहे तो," कारकून म्हणाला. "वाजतो अधूनमधून."

"मग उचला की!"

"खणाला कुलूप आहे. किल्ली मोठ्या साहेबांकडे. ते रजेवर आहेत."

"आणि त्यांची तक्रार कुठे करायची?"

कारकुनानं वाजणाऱ्या खणाकडे बोट दाखवलं. हसलाबिसला नाही. त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही, हे त्यातलं खरं दुःख. काकूनं फोन बंद केला तेव्हा खणही गप्प झाला.

पाण्याचा नंबर अस्तित्वात नव्हता. विजेच्या नंबरावर कुणीतरी बाई भडकून म्हणाली की इथं शिवणकाम होतं, वीज नाही, आणि पुन्हा फोन केला तर बघा. जनावरांच्या दवाखान्याचा कुणी उचललाच नाही. राहिला जमिनीचा नंबर. काकूनं तो लावला, आणि पलीकडून म्हातारा, खरखरीत आवाज आला.

"मी निवृत्त झालोय! चौदा वर्षं झाली! ठेवा फोन!"

"ठेवू नका!" काकू त्याच्याहून मोठ्यानं ओरडली. "फळ्यावर तुमचाच नंबर आहे!"

"नाव काय लिहिलंय?"

काकूनं नाव वाचून दाखवलं. "हे तुम्हीच ना?"

"हा माझ्यानंतरचा सहावा!" म्हातारा कडाडला. "बाई, त्या नावावर बोट फिरवून बघा."

काकूनं बोट फिरवलं. नावाच्या जागी रंगाचा चांगला जाड थर होता, भिंतीला गळू आल्यासारखा. नंबर मात्र पातळ, जुना, पहिल्या रंगातला.

"साहेब बदलला की कचेरी रंगाऱ्याला हुकूम देते. हुकुमात काय लिहिलेलं असतं? 'नाव बदलणे.' रंगारी नाव बदलतो. नंबर बदलणे असं कुणी लिहीत नाही, म्हणून तो नंबराला हात लावत नाही. कारकून कामाची तपासणी करतो. तपासणीत काय बघतात? नाव बदललं का? बदललं! सही! सहा वेळा सही झालीय, बाई. आणि मी इथं वांग्यांना पाणी घालता घालता लोकांचे फोन घेतोय."

"तुम्ही तक्रार नाही केलीत?"

"केली की. खण वाजला असेल."

काकूला हसू फुटलं, आणि पाठोपाठ डोळ्यात पाणीच आलं. सकाळपासून ती नुसती भांडत होती. तारेपुढे भांडली, कचेरीत भांडली, आणि पहिल्यांदाच समोरून कुणीतरी माणसासारखं बोललं होतं. ती भिंतीला टेकून खालीच बसली आणि तिनं वाटेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. म्हाताऱ्यानं मध्ये दोनच प्रश्न विचारले. ओढा कुठल्या अंगाला, आणि विहीर कुठल्या.

"आहे," तो म्हणाला. "वाट आहे. बारा फुटी गाडीवाट. नवे नकाशे केले तेव्हा उतरवून घेणाऱ्यानं अर्ध्या वाटा गाळल्या, त्याला जेवायला जायची घाई असेल. पण जुन्या नकाशाच्या वहीत आहे. लाल पाठीची मोठी वही."

"मग ती मोठ्या गावातल्या दप्तरात मिळेल?"

"दप्तरात कशी मिळेल? एका पावसाळ्यात दप्तराचं छप्पर गळायला लागलं. सबंध गावात एकच छप्पर धड होतं, जनावरांच्या दवाखान्याचं. मी सगळ्या जुन्या वह्या तिथं मागच्या खोलीत ठेवल्या. तात्पुरत्या. मग मी निवृत्त झालो. जाताना चार पानी यादी लिहून दिली, कुठली वही कुठे आहे त्याची."

"मग?"

"मग काय? यादी मिळाल्याची पोच दिली त्यांनी. वाचली कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी काकू पहिल्या गाडीनं मोठ्या गावात गेली. दप्तराची कचेरी शोधायला तिला दोन तास लागले, कारण ती धान्याच्या गोदामावर वरच्या मजल्यावर होती आणि पाटी जुन्याच इमारतीवर लटकत होती. दप्तरवाले साहेब जागेवर नव्हते. खिडकीतल्या माणसानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि दहा मिनिटांत उत्तरही दिलं. एवढी चपळाई बघून काकू क्षणभर सुखावली. उत्तरात लिहिलं होतं, 'सदर वही उपलब्ध नाही.'

"अहो, उपलब्ध आहे! जनावरांच्या दवाखान्यात आहे! जाऊन बघा की!"

"आमच्या कचेरीत नाही म्हणजे उपलब्ध नाही."

"आणि साहेब कधी येतील? त्यांचा नंबर द्या."

"गावच्या फळ्यावर असेल बघा," तो म्हणाला.

काकूनं त्याला काय सुनावलं ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. खिडकीची काच मात्र त्यानं आतून लावून घेतली.

जनावरांचा दवाखाना रस्त्यापलीकडेच होता. इतका पलीकडे की खिडकीतल्या माणसाला बसल्या जागेवरून दिसला असता. मलमपट्टी करणारा माणूस एका गाभण म्हशीत गुंतला होता. मागच्या खोलीत काय आहे विचारल्यावर म्हणाला, "जुने कागद आहेत कसले तरी. मी आलो तेव्हापासून आहेत. बघा हवं तर." काकूनं औषधाच्या गोण्या बाजूला ओढल्या. खाली वह्या होत्या, वीस-पंचवीस, धुळीनं माखलेल्या, पण कोरड्या. लाल पाठीची वही सगळ्यात तळाशी. तिसाव्या पानावर ओढा होता, विहीर होती, आणि ओढ्याकडून विहिरीकडे दोन समांतर रेघा जात होत्या. काकूनं त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि मांडी घालून तिथंच गोण्यांत बसून राहिली.

पण नुसती वही सापडून भागणार नव्हतं. तिच्यावर हात ठेवायचा, नक्कल काढायची, शिक्का मारायचा हक्क एकट्या दप्तरवाल्या साहेबाचा. आणि गुरुवार परवावर आलेला. काकूनं म्हाताऱ्याला फोन लावला.

"सापडली! पण तुमच्या गादीवरचा माणूस बेपत्ता आहे. त्याचा नंबर कुणाकडेच नाही."

"माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे?"

"मग! आठवड्यातून दोनदा मला फोन करून विचारतो, अमुक कागद कुठे, तमुक शिक्का कुठे. घ्या लिहून."

दप्तरवाल्या साहेबांनी पहिल्या घंटीला फोन उचलला, कारण हा नंबर त्यांची बायको आणि तो म्हातारा सोडून कुणाला माहीतच नव्हता.

"साहेब," काकू गोड आवाजात म्हणाली, "तुमचं दप्तर सापडलंय. चौदा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात पडून होतं. समोरच. आता ओळख पटवायला तुम्ही येता, की वर्तमानपत्रवाल्यांना बोलावू?"

"कोण बोलतंय? हा नंबर तुम्हाला कुणी दिला?"

"पाऊण तास थांबते," काकू म्हणाली.

साहेब अर्ध्या तासात आले. केस ओले होते. वही बघून त्यांनी आधी भांबावल्यासारखा चेहरा केला, मग घसा साफ केला आणि म्हणाले की या वह्यांचा शोध आपण बरेच दिवस घेत होतो. शिक्का हातात येईपर्यंत गप्प बसायचं, एवढं शहाणपण काकूला त्या दिवसापुरतं आलं होतं. नक्कल झाली, सही झाली, शिक्का बसला. मग जे बोलायचं ते ती बोलली, आणि सावकाश बोलली.

गुरुवारी मोजणीदार आला तेव्हा वाटेचं वाटपण उरलेलंच नव्हतं. भट्टीवाल्याला एवढी खात्री, की त्यानं बुधवारी संध्याकाळीच तारेच्या आत ओल्या विटा मांडून टाकल्या होत्या, ओळीनं, हजारभर तरी. काकूनं नक्कल पुढे केली. मोजणीदारानं ती दोनदा वाचली, साखळी टाकली, खुंट्या ठोकल्या. भट्टीवाल्याची दात कोरायची काडी तोंडातच राहिली.

"वाट आहे," मोजणीदार म्हणाला. "बारा फूट. सरळ विहिरीपर्यंत."

आणि मग तो अडखळला. साखळी पुन्हा धरली. "मात्र काकू, बारापैकी तीन फूट तुमच्या बाजूला येतात. तुमचं पीक वाटेत आहे."

भट्टीवाल्याला नवा जीव आला. "घ्या! आम्हाला चोर म्हणत होत्या. स्वतः वाट खाऊन बसल्या की!"

ते खरं होतं. पिढ्यान् पिढ्या नांगर एकेक बोट सरकला होता आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या तीन फुटांत टोमॅटोच्या दोन ओळी होत्या, फळांनी वाकलेल्या, चौथ्या तोड्याला यायच्या. मालकाचा चेहरा पडला. "तोडा होईपर्यंत थांबता येईल का?" त्यानं मोजणीदाराला विचारलं.

"थांबायचं कशाला?" काकू म्हणाली. तिनं पदर खोचला, वाकली, आणि पहिलं रोप मुळासकट उपटलं. हिरवे टोमॅटो ढेकळांत घरंगळले. ही रोपं तिनं वाफ्यात बोटाएवढी असल्यापासून जपली होती. पण तिनं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मालकही मुकाट्यानं शेजारच्या ओळीला लागला. तास दीड तास दोघं वाकलेली होती आणि भट्टीवाला कमरेवर हात ठेवून मजा बघत होता. शेवटचं रोप बांधावर टाकून काकू सरळ झाली आणि हातांची माती झटकत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझं मी माझ्या हातानं काढलं. आता तुझं तू काढ."

"ओल्या आहेत काकू! आत्ता उचलल्या तर पार लगदा होईल. आठ दिवस तरी..."

"तुझ्या कागदात आठ दिवस लिहिलेत का?" काकूनं विचारलं. "माझ्यात नाहीत."

त्यानं मोजणीदाराकडे बघितलं. मोजणीदार साखळी गुंडाळत होता. भट्टीवाला उकिडवा बसला, पहिली वीट उचलली, आणि ती त्याच्या बोटांत दबून वेडीवाकडी झाली. मालक सावलीत रचून ठेवलेल्या क्रेटसाठी गाडी आणायला गेला. कात्रीकाकू उपटलेल्या रोपांशेजारी बांधावर बसली आणि विटा मोजू लागली, मोठ्यानं, एक एक करून.