वादळाने मला कसं सोडलं

मी चेंडू बोलतोय. बास्केटबॉलचा. रंगाने नारिंगी, अंगावर बारीक दाणे आणि पोटात नुसती हवा. पण पोटात हवा भरलेली माणसंही तासन्‌तास बोलतात आणि तुम्ही मान डोलावत ऐकता. मग माझंही घटकाभर ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. रबराचा फुगा, त्यावर दोऱ्याचे वेढे, त्यावर कातडं. शेवटी एका कामगार बाईने सुई खुपसून हवा भरली, मला दाणकन जमिनीवर आपटलं आणि खूश होऊन म्हणाली, "छान उडतोय हा!" तेव्हाच समजलो, आपल्या नशिबात मार आणि कौतुक एकाच हातून मिळायचं आहे.

तिथून मी आलो एका मुलींच्या संघात. त्यांच्या प्रशिक्षक बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. गळ्यात शिट्टी होती, पण ती शोभेपुरती. बाईंचा आवाजच पुरे होता. त्यांच्या खेळाची सगळी पद्धत एका वाक्यात मावायची : "चेंडू म्हणजे निखारा. हातात ठेवलास की भाजलास!"

त्यामुळे मी कुणाच्याच हातात टिकायचो नाही. हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून हिच्याकडे, लग्नघरातल्या लहान बाळासारखा. कर्णधार ताई तर न बघता मला अचूक पोचवायची. सगळ्यांत उंच मुलीचं नाव पडलं होतं शिडी. ती रिंगखाली उभी असायची आणि तिचे हात म्हणजे लोणी. मी निसटलो की ती मलाच "सॉरी हं" म्हणायची. गुणी पोर!

खेळ दिसायला देखणा, पण सामने हरायचे. अगदी थोडक्यात हरायचे, पण हरायचे. संघ तळाशी गेला. शेवटचा नंबर आला तर स्पर्धेतून बाहेर, आणि मग क्लब हा संघच बंद करणार, असं पदाधिकाऱ्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं. वर उपाय म्हणून दुसऱ्या संघातली नावाजलेली खेळाडू आणून दिली. तिला सगळे वादळ म्हणत.

पहिल्याच सरावात वादळाने मला हातात घेतलं आणि सोडलंच नाही. डावीकडून उजवीकडे, पाठीमागून, पायांमधून. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली! इतके लाड आयुष्यात कुणी केले नव्हते. तिने तिघींना चकवलं आणि मला अलगद रिंगमध्ये सोडलं. तोवर तिच्या बाजूच्या चौघींपैकी एकीने बुटाची नाडी बांधून घेतली, एकीने वेणी घातली, ताईने जांभई दिली आणि शिडी भान हरपून टाळ्या वाजवत होती.

"झालं का प्रदर्शन?" बाईंनी विचारलं.

"बाई, गेला की आत!"

"गेला. पण या चौघींनी तिकीट काढलं होतं का?"

पुढच्या सामन्यात वादळाने गुणांचा पाऊस पाडला आणि आम्ही हरलो. कपडे बदलायच्या खोलीत ताईचा बांध फुटला. "अगं, आम्हीही खेळतो इथे!"

"खेळता कुठे? नुसता फिरवता!" वादळ उसळली. "नळ सोडून ठेवल्यासारखा वाहतो तुमचा चेंडू. प्यायचं कुणी?"

बाई दारात होत्या. आता वीज कडाडणार म्हणून मी बाकाखाली सरकलो. पण त्या आल्या पावली परत गेल्या. पोरीचं बोलणं त्यांना कुठेतरी लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी बाई वादळाला म्हणाल्या, "आज तू खेळायचंस, पण चेंडूला हात लावायचा नाही."

"मग काय करू? आरती ओवाळू त्याची?"

"पळ."

वादळ फुगून पळायला लागली. तिला अडवणाऱ्या दोघी सवयीने तिच्यामागे धावल्या. इकडे रिंगखाली शिडी एकटी! ताईने मला तिच्याकडे फेकलं. शिडीला एवढी सवड होती, की तिने मला पाडलं, सॉरी म्हटलं, उचललं आणि रिंगमध्ये टाकलं.

वादळ थबकली. मग तिच्या डोळ्यांत खोडी चमकली. ती पळत मैदानाच्या पार कोपऱ्यात गेली. दोघी मागोमाग. ती नाडी बांधायला वाकली, तर त्या दोघी दोन बाजूंना हात पसरून उभ्या. वादळ खो खो हसत सुटली. "अगं बाई! या तर माझ्यामागे माहेरापर्यंत येतील!"

बाई मात्र ताईकडे वळल्या. "आणि कालच्या सामन्यात ही मोकळी होती, तेव्हा तू हिला दिला नाहीस. का?"

"सवय नाही, बाई."

"सवय नाही, की राग आहे?"

ताई जमिनीकडे बघत म्हणाली, "दोन्ही."

"मग दोन्ही सोड. माझंही चुकत होतं. आधी सगळ्याजणींनी फिरवा, पण अडलं की हिला द्या. हिचे हात भाजत नाहीत."

शेवटचा सामना. जिंकलो तर तरलो. एका गुणाने मागे होतो, घड्याळ संपत आलं होतं. ताईने मला घट्ट धरलं, क्षणभर वादळाकडे पाहिलं आणि तिच्याकडे फेकलं. वादळावर तिघी तुटून पडल्या. तिने उडी मारली आणि मला सोडलं.

मी फळीवर आपटलो, रिंगच्या कडेवर नाचलो आणि बाहेर आलो. वाटलं, संपलं. तर खाली लोण्याचे हात! पण त्या दिवशी ते हात घट्ट होते. शिडीने मला झेललं आणि तसंच वर ढकललं. जाळीतून खाली येईपर्यंत भोंगा वाजला. बाई एवढ्या किंचाळल्या, की पंचांनी कानात बोटं घातली.

नंतर एका वार्ताहराने वादळाला गाठलं. "तुमचा नेम चुकला, पण नशीब जोरावर होतं."

"चुकला?" वादळाने डोळे विस्फारले. "अहो, पास होता तो! फळीवरून शिडीला दिला."

ताईचा आ वासला. मग चेहरा सरळ करून ती म्हणाली, "हो. आमच्या पद्धतीतच आहे ते. रोज सराव करतो."

"हो का?" शिडी म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही!"

ताईने तिच्या पायावर पाय दिला.

आज माझे दाणे झिजलेत. हातातून निसटतो म्हणून सामन्याला नेत नाहीत. बाईंच्या खोलीत असतो, त्या दुखरी टाच माझ्यावर टेकवून खेळ आखतात. नव्या मुली येतात आणि विचारतात, "बाई, तो खरंच पास होता?" बाई खिडकीबाहेर बघतात.

त्या वेळी वादळाची बोटं माझ्या अंगावर होती. त्या बोटांना रिंगशिवाय काहीही दिसत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. परवाच ती आली होती. कुणी नाही असं बघून तिने मला उचललं, बोटावर गरगर फिरवलं आणि हळूच विचारलं, "कुणाला बोलला नाहीस ना रे?"

नाही बोललो. फक्त तुम्हाला सांगितलं. पोरीची लाज आता तुमच्या हातात आहे. कुणी विचारलंच, तर म्हणा, पास होता.