लाटणं फिरल्याशिवाय नाही

वेधशाळेची थट्टा करायला पुणेकराला शिकवावं लागत नाही. "वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची" हे वाक्य राजाभाऊंनी मुलगी बघायला गेले असताना भावी सासऱ्यांसमोरच टाकलं होतं. मुलगी वेधशाळेतच नोकरीला आहे हे त्यांना कांदेपोहे संपल्यावर कळलं. तरीही शोभनानं होकार दिला. का दिला, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "सगळी लक्षणं बघून अंदाज बांधला. अजून तरी चुकलेला नाही."

पुढे दोघं दुबईला आली आणि तिथल्या करामा भागात बिऱ्हाड थाटलं. राजाभाऊ एका टाइल्सच्या कंपनीत हिशेब बघायचे आणि शोभना जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका छोट्या ऑफिसात वारा बघायची. उंच इमारतींवरच्या क्रेनना उद्या दुपारी वारा किती असेल, क्रेन चालवायची की थांबवायची, ते ती सांगायची. तिच्या एका फोनवर आख्खी साइट खाली उतरायची. राजाभाऊंना याचा अभिमान होता, पण तो त्यांनी थट्टेच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. पुणेरी माणूस, दुसरं करणार काय!

मग मंदी आली. दुबईतल्या क्रेन एकामागून एक जागच्या जागी थांबल्या. ज्या क्रेन चालणारच नाहीत, त्यांना वारा सांगून काय करायचं? दोन हजार नऊच्या उन्हाळ्याआधी शोभनाच्या साहेबानं सगळ्यांना बोलावलं आणि "खलास" म्हणून हात झटकले. त्या दिवसापासून ती घरात गप्प झाली. सकाळी सवयीनं गॅलरीत उभी राहून आकाशाकडे बघायची आणि काही न बोलता आत यायची. राजाभाऊंनी एकदा मुद्दाम विचारलं, "काय गं, आज धूळ उडेल का?" तर म्हणाली, "तुम्हाला काय फरक पडतो?" त्यानंतर त्यांनी थट्टा बंद केली. घरात भांडण असतं तर बरं, इतकी ती शांतता वाईट होती.

त्यांची मुलगी ईश्वरी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षात शिरत होती. कॉलेज अमेरिकन धर्तीचं, शहराबाहेर, समुद्रापासून फार लांब नाही. त्याची फुटबॉल टीम होती आणि टीमपेक्षा नावाजलेला मार्चिंग बँड होता. मध्यंतरात हा बँड मैदानावर वाजवत, आकार बदलत फिरायचा. त्या वर्षी ईश्वरी बँडची ड्रम मेजर झाली होती, म्हणजे हातात लांब दांडा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारी. तीन वर्षं मागे राहून ढोल वाहिल्यावर मिळालेला तो दांडा होता.

सप्टेंबरात सराव सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात एक मुलगा गळ्यात ढोल असतानाच कोसळला. जिवावरचं थोडक्यात निभावलं. पण कॉलेजचा कारभार बघणाऱ्या जुलेखा मॅडमनी पालकांची सभा बोलावली. हैदराबादच्या बाई, फटकळ पण मनानं निर्मळ. त्या म्हणाल्या, "देखिए, हम तो शाम को ही प्रॅक्टिस रखे थे, धूप उतरने के बाद. फिर भी बच्चा गिर गया. अब बँड बंद करना पडेगा."

बँडचे उपेंद्र सर मान खाली घालून बसले होते. नागपूरचा माणूस, आयुष्य मिलिटरी बँडात गेलेलं. आणि तेवढ्यात राजाभाऊंच्या शेजारची खुर्ची वाजली. शोभना उभी राहिली होती.

"शाम को रखा, वही गलती हुई," ती म्हणाली.

सभेत चुळबुळ झाली. ऊन उतरल्यावर बाहेर पडावं हे शहाणपण आपण सगळे गावाहून बांधून आणतो. राजाभाऊही तेच मानायचे. शोभनानं शांतपणे समजावलं. दुपारी इथे वारा वाळवंटाकडून येतो, भाजणारा पण कोरडा. घाम येतो तसा वाळतो आणि अंग निवतं. संध्याकाळी वारा फिरतो, समुद्राकडून येतो, पाण्यानं जड झालेला. ऊन नसतं म्हणून बरं वाटतं, पण घाम वाळत नाही, आणि वर तुम्ही मुलांना बँडचे जाड कोट घालून पळवता. "पेपर में जो विमानतळ का टेंपरेचर आता है, वो देखके नहीं समझेगा," ती म्हणाली. "मैदान पे खडे रहके देखना पडता है. मैं आऊंगी."

शेवटचं वाक्य ऐकून राजाभाऊंनी तिच्याकडे वळून बघितलं. किती महिन्यांनी तिचा तो आवाज ऐकला होता!

दुसऱ्या दिवशी ती करामातल्या दुकानातून दोन तापमापक घेऊन आली. "वीस दिरहम," ती म्हणाली. "म्हणजे अडीचशेच्या वर," राजाभाऊंनी सवयीनं रुपये केले. मग तिनं त्यांचा जुना पंचा फाडला आणि त्याची चिंधी एका तापमापकाच्या टोकाला बांधली. दोन्ही तापमापक एका पट्टीवर बसवले आणि ती पट्टी मोडक्या लाटण्याच्या मुठीला अशी अडकवली की गरगर फिरावी. चिंधी ओली करून फिरवायची. हवा कोरडी असली की ओला तापमापक भराभर खाली येतो, दमट असली की जागचा हलत नाही. त्या दोघांतल्या फरकावरून शरीराला हवा झेपेल की नाही ते कळतं.

"माझा पंचा विज्ञानाला वाहिलास," राजाभाऊ म्हणाले.

"पहिल्यांदाच कामाला आला," ती म्हणाली. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं.

मुलांनी त्या यंत्राचं नाव 'द लाटणं' ठेवलं. मल्याळी, पाकिस्तानी, लेबनीज, सगळी पोरं ते नाव बिनचूक म्हणायला शिकली. वाळवंटाचा वारा असला की दुपारी पार्किंगच्या शेडखाली, सावलीत सराव व्हायचा. समुद्राचा असला की सुट्टी. आणि बँडात एक रीतच पडून गेली: आंटी मैदानाच्या मध्यावर जाऊन लाटणं फिरवणार, आकडे बघणार, हात वर करणार, आणि मगच वाद्यांच्या पेट्या उघडायच्या. त्याआधी पेटीचा खटका वाजला की ईश्वरी ओरडायची, "गाइज! नॉट बिफोर द लाटणं!" सबंध मोसमात पुन्हा एकही मूल पडलं नाही. फुटबॉलचे कोचसुद्धा धुकं कधी उठेल, धूळ कधी येईल ते तिला विचारू लागले. राजाभाऊ तिला गाडीतून सोडायचे आणि कुंपणाशी उभे राहून बघायचे. एवढ्या मोठ्या हिरवळीवर साडीचा पदर खोचून लाटणं फिरवणारी बायको! हसू यायचं आणि त्याच वेळी ऊर भरून यायचा.

फेब्रुवारीअखेर फायनल होती, आपल्याच मैदानावर. मोठे पाहुणे येणार होते, आणि मध्यंतरात ईश्वरी एकटी मैदानाच्या मधोमध दांडा उंच फेकून झेलणार होती. त्यासाठी पोरीनं बिल्डिंगच्या गच्चीवर तळहात सोलून घेतले होते.

फायनलच्या दिवशी सकाळी शोभना गॅलरीतून आत आली ती कपाळाला आठी घालून. वारा आग्नेयेचा होता आणि हवेचा दाब पडत होता. उपग्रहाच्या चित्रात समुद्रावर ढगांची एक ओळ दिसत होती. दुपारी मैदानावर पोचल्यावर तिनं पुन्हा सगळं तपासलं आणि उपेंद्र सरांना सांगितलं, "मध्यंतराच्या सुमाराला इथे वीज असेल. खेळाडू पहिल्या गडगडाटाला पळत आत येतील. पण ही मुलं अंगाला वाद्यं बांधून मैदानाच्या मध्यावर असतील, हातात पितळ आणि ईश्वरीच्या हातात तो दांडा. बँड जाणार नाही."

डोक्यावर तेव्हा निळंशार आकाश होतं. उपेंद्र सरांनी वर बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. "मॅडम, नक्की?"

"नक्की असं काही नसतं. पण मी पाठवणार नाही."

"आई, यू कान्ट डू धिस," ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "इट्स माय ओन्ली फायनल. प्लीज."

शोभनाचा चेहरा पांढरा पडलेला राजाभाऊंना दिसला. पण ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाची मुलगी असती तरी हेच सांगितलं असतं. मग माझ्या मुलीला वेगळं कसं सांगू?"

बँड बाकांवरच बसला. मध्यंतर आलं. पश्चिमेला ढग वर चढले, काळे झाले, वारा थंड झाला. राजाभाऊ मनात म्हणत होते, ये बाबा, एकदाचा ये. आयुष्यात कुठल्या ढगाची त्यांनी अशी आर्जवं केली नव्हती. चार थेंब पडले. आणि मग ती सगळी फळी किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला सरकली आणि समुद्रावर निघून गेली. ना वीज, ना गडगडाट. मैदानावर स्वच्छ पिवळं ऊन पडलं. मध्यंतर मुकं गेलं आणि आपली टीम हरलीही.

मागच्या रांगेतून कुणीतरी मराठीत म्हणालं, "पुण्याच्या वेधशाळेतल्या आहेत म्हणे बाई. म्हणजे छत्री घरीच ठेवायची!" आजूबाजूचे हसले. हे वाक्य राजाभाऊंनी आयुष्यभर वाजवलं होतं, आणि आज पहिल्यांदा ते दुसऱ्या बाजूनं त्यांच्या कानावर आलं. उलटून बोलायला ते अर्धवट वळले आणि पुन्हा मैदानाकडे बघू लागले. ढग गेला होता हे तर खरंच होतं.

घरी येताना गाडीत राजाभाऊंना एकच भीती होती. आता ही पुन्हा त्या गॅलरीत जाऊन गप्प उभी राहील, आणि या वेळी तिला बाहेर काढायला कुठला बँड नसेल. एकदा शब्द गेला की कोण विचारतो?

सकाळी बघतात तर शोभना तयार होऊन उभी. "अहो, मला कॉलेजात सोडता का?"

"अगं, कशाला? उपेंद्र सरांना फोन कर."

"अंदाज बरोबर आला की फोन चालतो," ती म्हणाली. "चुकला की समोर जावं लागतं."

राजाभाऊ बँडच्या खोलीच्या दाराशी थांबले. आत सगळी मुलं होती, कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली ईश्वरीही. जुलेखा मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. शोभना सरळ फळ्यापाशी गेली. "कल मैंने जो बोला, वो नहीं हुआ," ती म्हणाली. "आपका शो गया. वो वापस नहीं आएगा. सॉरी." मग तिनं समुद्र काढला, ढगांची ओळ काढली, आणि वरच्या थरातला वारा तिनं धरला होता त्यापेक्षा जोरात होता, त्यानं ढग कसा बाजूला ढकलला ते दाखवलं. कुठे चुकले ते बोट ठेवून दाखवलं. सबब एक सांगितली नाही. शेवटी खडू खाली ठेवून म्हणाली, "लेकिन फिर वैसा आसमान दिखा, तो मैं फिर यही बोलूंगी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती हात झटकत बाहेर आली. राजाभाऊंच्या मनात आलं, आपण हिशेबातली चूक सापडली की आधी दार लावून घेतो. ही बाई दार उघडून आत शिरते. पण तोंडानं ते एवढंच म्हणाले, "चल, गाडी उन्हात आहे."

ईश्वरी आईशी कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होती. मोसम संपला होता, बँडही बंद होता. कॉलेजातून फोन येत नव्हता आणि लाटणं स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं होतं.

मे महिन्यात पदवीदानाची मिरवणूक होती. बँड वाजवत पुढे जाणार आणि ईश्वरी शेवटचा दांडा धरणार. कार्यक्रम अर्थातच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर! आमंत्रण पालक म्हणून आलं, बाकी एक शब्द नाही. निघताना शोभनानं खिळ्यावरचं लाटणं काढलं, क्षणभर हातात धरलं आणि पुन्हा टांगलं. "कुणी विचारलेलं नाही," ती म्हणाली. ती चपला घालेपर्यंत राजाभाऊंनी ते गुपचूप पिशवीत टाकलं, पाण्याची बाटलीही टाकली.

वाटेत ट्रॅफिकनं जीव काढला. पोचायला उशीर झाला. राजाभाऊंना वाटलं, एव्हाना बँड वाजत असणार. पण मैदानावरून आवाजच येत नव्हता. कुंपणाशी आले आणि दोघंही थांबले.

आख्खा बँड रांगेत उभा होता. प्रत्येकाच्या पायाशी त्याची पेटी, आणि सगळ्या पेट्या बंद. उपेंद्र सर घड्याळ बघत येरझारा घालत होते. जुलेखा मॅडम म्हणत होत्या, "अरे यल्ला, खोलो ना! मेहमान बैठे हैं!" एकानंही हात लावला नाही. सगळ्यांच्या पुढे दांडा घेऊन ईश्वरी उभी होती, आणि ती म्हणत होती, "सॉरी मॅम. नॉट बिफोर द लाटणं. माय मदर इज ऑन हर वे."

शोभना कुंपणाची जाळी धरून उभी राहिली. राजाभाऊंनी पिशवीतून लाटणं काढून तिच्या हातात दिलं. "जा," ते म्हणाले.

ती पदर खोचून मैदानाच्या मध्यावर गेली. पंच्याची चिंधी ओली केली, लाटणं गरगर फिरवलं, आकडे बघितले, पुन्हा फिरवलं. मैदानावर कुणी हलत नव्हतं. मग ती म्हणाली, "कोट उतारो सब लोग. मिरवणूक पहले, भाषण बाद में. पानी पिके एक ही राउंड, फिर सीधा अंदर." आणि तिनं हात वर केला.

सगळ्या पेट्यांचे खटके एकदम उघडले. राजाभाऊ कुंपणाशी उभे राहून रडत होते. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "त्या बाई कोण हो?"

"आमच्या वेधशाळा," राजाभाऊ म्हणाले.