नव्याला पायघड्या, जुन्याला दंड

रेलीन कुटाजारचा फोन तिच्या पार्लरच्या फरशीवर पडला आणि काच फुटून गेली. फोन वाजायचा, पण उचलता येत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या बेनालासारख्या छोट्या गावात लोक केस कापायची वेळ फोनवरच ठरवतात; कोणी उचलला नाही की सरळ दुसऱ्या पार्लरला लावतात. आठवडाभरातच रेलीनच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या.

ती वैतागून फोन कंपनीच्या दुकानात गेली. कितीतरी वर्षांची ग्राहक, एकही बिल कधी थकवलेलं नाही. तिला हवा तो फोन नव्या ग्राहकाला अर्ध्या किमतीत होता. तिला मात्र पूर्ण किंमत, शिवाय जुन्या फोनचे उरलेले सगळे हप्ते एकरकमी. तुमचा करार अजून निम्मा बाकी आहे ना, असं काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली. भांडावं असं रेलीनच्या फार मनात आलं. पण कुरकुर करणाऱ्या माणसाला त्या गावात कोणी चांगलं म्हणत नाही. ती 'थँक्यू' म्हणून बाहेर पडली, आणि त्या 'थँक्यू'चाच तिला जास्त संताप आला.

गुरुवारी एनिड हॉस्किंग केस सेट करून घ्यायला आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण त्यांचा गुरुवार कधी चुकला नव्हता. त्यांच्या केसांना रोलर लावता लावता रेलीनने सगळी भडास काढली.

"तू कुठे जाणार आहेस?" एनिडबाई शांतपणे म्हणाल्या. "नव्याला ओढून आणावं लागतं, म्हणून त्याला सवलत. तू करारात अडकलेली, वर तोंडही उघडत नाहीस. नव्याची सवलत तुझ्यासारख्यांच्याच खिशातून निघते, पोरी."

"पण हा अन्याय आहे, एनिडबाई."

"आहेच की. मग तुझ्या खिडकीवर काय लिहिलंय?"

रेलीनने वळून पाहिलं. ती अक्षरं तिनेच हौसेने रंगवली होती. पहिल्यांदा येणाऱ्यांना निम्मे पैसे! एनिडबाई मात्र दर गुरुवारी पूर्ण पैसे देत होत्या.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू तरी त्या दुकानात कुठे बोललीस?" एनिडबाई आरशातून तिच्याकडे पाहत म्हणाल्या. "पेन्शनमध्ये आता भागत नाही. पुढच्या महिन्यापासून मला दर गुरुवारी जमणार नाही, तेवढं आज सांगणार होते."

रेलीनला लाज वाटली. त्याच संध्याकाळी तिने खिडकी खरवडून साफ केली आणि नेहमी येणाऱ्यांचे दर उतरवले. मग फोनच्या दुकानात जाऊन तिने सवलत मागितली, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात. दुकानातले नाही म्हणाले. तेव्हा करार संपेल त्या दिवसापासून मी तुमची ग्राहक नसेन, असं त्यांना ऐकवून ती बाहेर पडली, आणि जुन्याच फोनला तिने नवी काच बसवून घेतली.

मंडळी, निमूटपणे येत राहणाऱ्या माणसाला आपण सगळेच गृहीत धरतो. ग्राहक असाल तर तोंड उघडून मागा. दुकानदार असाल, तर जुन्या माणसावर मागायची वेळ आणू नका.